अठ्ठेचाळीस सीटची बस

गावच्या हॉकी संघाचा मॅनेजर गार्नेट पेल्टियर याने संघातल्या लेन बीअर्डीला एका बसच्या बदल्यात देऊन टाकलं, ही बातमी हेल्मी राउतिओला गावात सगळ्यांच्या शेवटी कळली. लेन तिच्याच घरी राहायचा, तिच्याच टेबलावर जेवायचा, आणि ती बस चालवणार होती तीही हेल्मीच. तरी तिला कळलं ते सकाळी सात वाजता, पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या काउंटरवर.

तिथे रोजचे चार-पाच म्हातारे बसलेले होते. कागद गिरणी बंद पडल्यापासून त्यांना दुसरा उद्योग नव्हता. त्यातला एक म्हणाला, "मुम्मू, मजा आहे बुवा तुझी. नव्या बसमध्ये संडास आहे म्हणे. आता पोरांना झाडाआड उभं करायला नको."

हेल्मी एकतीस वर्षं शाळेची बस चालवत होती. तेव्हापासून अख्खं टॅमरॅक तिला मुम्मू म्हणायचं. फिनलंडहून आलेल्या लोकांत आजीला हाच शब्द. तिने विचारलं, कुठली नवी बस? मग म्हाताऱ्यांनी हसत हसत सगळं सांगितलं. पाईन पोर्टेजच्या संघाला बचावासाठी एक दांडगा पोरगा हवा होता आणि त्यांच्याकडे एक बस जास्तीची होती. टॅमरॅककडे दांडगा पोरगा होता आणि धड बस नव्हती. काल रात्री फोनवर सौदा ठरला.

"एक पोरगा आणि अठ्ठेचाळीस सीट," दुसरा म्हातारा म्हणाला. "गार्नेटने जन्मभर जुने ट्रक विकले, पण असा भाव त्याला कधी मिळाला नसेल."

सगळे हसले. हेल्मीने अर्धी कॉफी तशीच ठेवली आणि ती बाहेर पडली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्यातही जास्त झोंबत होतं ते एकच. बस मागितली होती तिनेच.

टॅमरॅकमध्ये हा तरुण पोरांचा आइस हॉकी संघ नवाच, याच हिवाळ्यातला. सोळा ते वीस वयाची बावीस पोरं ठिकठिकाणांहून आलेली. अशा संघात पोरांना वसतिगृह नसतं. गावातली घरं एकेक पोरगा ठेवून घेतात, जेवूखाऊ घालतात, शाळेत धाडतात. हेल्मीचा नवरा तोइवो जाऊन सहा वर्षं झाली होती. तिने माडीवरची खोली दिली आणि वर बस चालवायचंही कबूल केलं. गावाला पुन्हा काहीतरी आपलं म्हणायला मिळालं होतं. शुक्रवारी रिंकमध्ये, बर्फाच्या मैदानाभोवती, दोन हजार माणूस जमायचं, गिरणीतून काढून टाकलेली माणसंसुद्धा गळ्यात संघाचा मफलर घालून ओरडायची.

पण संघाची बस म्हणजे नुसता पत्र्याचा डबा होता. नोव्हेंबरात तिचा हीटर मेला. बाहेर उणे तीस, आणि पोरं आत झोपायच्या थैल्यांत शिरून गठुळ्यासारखी बसायची. एकदा परतताना एका पोराच्या पायाची बोटं पांढरी पडली. त्यानंतरच्या बैठकीत हेल्मी उभी राहिली आणि म्हणाली, "दहा जानेवारीपर्यंत धड बस आली नाही, तर मी या डब्यात पोरं भरणार नाही. मग तुम्ही त्यांना कुत्रे ओढतात त्या घसरगाडीतून न्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

तिने दहा तारीख सहज म्हटली होती. पण हॉकीत दहा जानेवारी ही संघासंघांत खेळाडूंची अदलाबदल करण्याची शेवटची तारीख, आणि ती आजच होती. गार्नेटने एका दगडात दोन पक्षी मारले.

रिंकच्या ऑफिसात गार्नेट फोनवर होता. त्याने एका बोटाने तिला थांबायला खुणावलं. हेल्मी थांबली नाही. तिने फोनच्या बटणावर बोट ठेवून तो बंद केला. हाच गार्नेट लहानपणी तिच्या बसमध्ये शेवटच्या सीटवर बसून पुढच्यांच्या टोप्या पळवायचा.

"पोरगा विकलास तू?" ती म्हणाली.

"विकला नाही, मुम्मू. अदलाबदल केली. हा खेळच असा आहे."

"पोराच्या बदल्यात पोरगा देतात, ते मला ठाऊक आहे. तेही मला कधी पटलं नाही. पण बस?"

गार्नेट समजुतीच्या सुरात बोलू लागला. पाईन पोर्टेजचा संघ वर आहे, लेनचं भलंच होईल. बावीस पोरं थंडीने गारठतायत आणि एका पोराने त्यांची सोय होते, तर यात वाईट काय? शिवाय बस मागितली कुणी?

"तूच ना? भर बैठकीत?" गार्नेट म्हणाला. "माझ्या डोक्यावर बसलीस की नाही?"

हेल्मीने विचारलं, लेनची शाळा? त्याची बारावी आहे, जूनला संपेल. गार्नेट म्हणाला, पाईन पोर्टेजलाही शाळा आहेत. त्याने टेबलावरून कागदांचं एक पाकीट तिच्याकडे सरकवलं. पाच वाजायच्या आत लेनने तिथे जाऊन हजेरीची सही करायची आणि येताना हेल्मीने जुना डबा तिथेच सोडून नवी बस घेऊन यायची. संध्याकाळी रिंकसमोर सगळे जमणार आहेत, बसचं स्वागत करायला. डोनट सांगितलेत.

"आणि मी नाही गेले तर?"

"तर माझा पुतण्या त्याला ट्रकमधून सोडेल. बस आणायला मी परवानावाला दुसरा बघेन. पोरगा जायचा तो जाणारच."

हे ऐकून हेल्मीने पाकीट उचललं. पोरगा जाणारच असेल तर तो कुठल्या घरात, कुठल्या खाटेवर निजणार आहे, एवढं तरी आपल्या डोळ्यांनी बघून यावं, असं तिने ठरवलं. पुतण्याच्या ट्रकमधून गोणीसारखा जाण्यापेक्षा ते बरं.

घरी लेन पायरीवर तयार बसला होता. दोन बॅगा, टेपने एकत्र बांधलेल्या स्टिक. ती घरी पोचण्याआधीच त्याला गार्नेटने फोन केला होता. ती वर गेली. खाटेवरची चादर निघाली होती, उशीची खोळ निघाली होती, ब्लँकेटची घडी पायथ्याशी होती. टेबलाचे खण रिकामे करून थोडे उघडे ठेवले होते, म्हणजे आत काही राहिलं नाही हे दिसावं.

"चादरी धुवायच्या टोपलीत टाकल्यात, मुम्मू," खालून तो म्हणाला.

सतरा वर्षांच्या पोराला घर सोडण्याची इतकी चांगली सवय झालेली बघून हेल्मीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेनच्या, उत्तरेकडच्या क्री आदिवासींच्या गावात शाळा आठवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर विमानात बसून परक्या शहरात, परक्या घरात यायचं. चौदाव्या वर्षापासून हे त्याचं चौथं घर. त्याची आजी जोसेफीन, जिला तो कोकुम म्हणायचा, सप्टेंबरात फोनवर हेल्मीला एवढंच म्हणाली होती: जूनपर्यंत त्याला हलवू देऊ नका. हेल्मी म्हणाली होती, माझा शब्द.

ती जुनीच बस घेऊन नऊला निघाली. रस्ता चार तासांचा, एका बाजूला गोठलेलं सरोवर, दुसऱ्या बाजूला झाडं. तिने लेनच्या पायांभोवती दोन ब्लँकेटं गुंडाळली. तो तिच्या मागच्या सीटवर बसला होता. दुसऱ्या तासाला तिने त्याला थर्मासमधली कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव दिला, तेव्हा तो म्हणाला, "मी तसा महाग गेलो, मुम्मू. मागच्या संघात एकाला दोन डझन स्टिकवर दिला होता. त्याच्यापेक्षा बस बरी."

"हसू नको यावर."

"मग काय करू?"

तिने गाडी चालवली. काचेवर आतून बर्फ धरत होता, तो ती एका हाताने पत्र्याच्या पट्टीने खरवडत होती, आणि प्रत्येक खरवडण्याबरोबर गार्नेटला, म्हाताऱ्यांना, टाळ्या वाजवणाऱ्या बैठकीला आणि स्वतःला मनातल्या मनात शिव्या घालत होती.

पाईन पोर्टेजच्या रिंकमागे बस धुऊनपुसून उभी होती. त्यांचा मॅनेजर वेंडल क्राउझ बाहेर आला. माणूस वाईट नव्हता. त्याने लेनशी हात मिळवला, त्याला आत नेऊन सूप दिलं. हेल्मीला म्हणाला, "बाई, दोन सह्या झाल्या की तुम्ही मोकळ्या. पोराची हजेरीची, आणि तुमची बसच्या तपासणीची."

नवी असो की जुनी, रस्त्यावर काढण्याआधी चालकाने बसभोवती फेरी घालायची, एकेक वस्तू तपासून कागदावर खूण करायची आणि खाली नाव लिहायचं, हा तिथला कायदा. मोठा दोष निघाला तर बस हलवता येत नाही. हेल्मीने कागद घेतला आणि तिला एकदम आशा वाटली. दोष निघाला तर बस नाही, बस नाही तर सौदा नाही.

तिने तासभर ती बस तपासली. हातमोजे काढून टायरच्या खाचांत बोटं घातली, चाकांचे नट एकेक दाबून पाहिले. बर्फावर पाठ टेकून ती खाली सरकली, ब्रेकच्या नळ्या टॉर्चने पाहिल्या. दिवे, वायपर, मागचा आपत्कालीन दरवाजा, आग विझवायचं नळकांडं. अठ्ठेचाळीस सीटपैकी प्रत्येक सीट हलवून पाहिली. संडासाचं पाणीसुद्धा सोडून पाहिलं. हीटर लावला, तर दहा मिनिटांत तिला कोट काढावा लागला.

वेंडल दारातून बघत होता. तो म्हणाला, "बाई, लग्नाची मुलगी बघायला आलेले लोकही इतकं बघत नाहीत."

बसमध्ये काहीही दोष नव्हता. हेल्मी ड्रायव्हरच्या सीटवर कागद मांडीवर घेऊन बसली. एक खोटी खूण पुरली असती. ब्रेकची नळी झिरपते, एवढं लिहिलं असतं तर वेंडलने मेकॅनिक बोलावला असता, पाच वाजून गेले असते. पण एकतीस वर्षांत तिने या कागदावर खोटं अक्षर लिहिलेलं नव्हतं. रोज चाळीस लेकरांचा जीव त्या कागदावर असायचा. तिने सगळीकडे 'ठीक' लिहिलं, सही केली, तारीख घातली.

आणि पेन ठेवता ठेवताच ती थबकली. या कागदावर सदतीस रकाने होते. एका यंत्रासाठी सदतीस प्रश्न. सौद्याच्या दुसऱ्या बाजूला जो होता, त्याच्याभोवती कुणी अशी एक तरी फेरी घातली होती का? गार्नेटने त्याला फोन करून सांगितलं होतं, विचारलं नव्हतं. वेंडलने सूप दिलं, विचारलं नाही. आणि मी? सकाळपासून मी त्याच्यासाठी पेटलेय, चार तास गाडी चालवली, पण तुला काय हवं हे मी तरी कुठे विचारलं?

लेन आतल्या गॅलरीत बाकावर बसला होता. भिंतीवर जुन्या संघांचे फोटो होते. हेल्मी त्याच्या शेजारी बसली. तिचा कोट पाठीवर बर्फाने पांढरा झाला होता.

"लेन, तुला काय करायचंय?"

"सही करायचीय ना. पेन त्यांच्याकडे आहे."

"ते नाही विचारलं. तुला काय पाहिजे?"

तो वाकून बुटाची नाडी बांधू लागला. मग म्हणाला, "हे मला कधी कुणी विचारलेलं नाही, मुम्मू. उत्तर तयार नाहीये."

"मग कर तयार. पाचला अजून वेळ आहे."

समोर यंत्र बर्फ गुळगुळीत करत फिरत होतं. ते दोन फेऱ्या मारून गेलं, तेव्हा लेन बोलायला लागला, हळूहळू, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगतोय. प्रत्येक नव्या शाळेत उत्तरेकडून आलाय म्हटलं की आधी त्याची परीक्षा घेतात. पाठ केलेलं पुस्तक पुन्हा हातात देतात, खालच्या वर्गात बसवतात. दर वेळी कित्येक महिने असेच वाया गेले. टॅमरॅकमध्ये पहिल्यांदा कुणी मागे बसवलं नाही. इथे नाव घातलं की पुन्हा तेच होणार, जूनला बारावी होणार नाही. कोकुमच्या घरातून बारावी झालेला अजून कुणी नाही. "ती मला विचारत नाही कधी," तो म्हणाला. "फक्त जून किती लांब आहे ते विचारते."

"आणि हॉकी?"

"सही नाही केली तर हा सीझन कुठेच खेळता येणार नाही. नियम आहे. पुढच्या वर्षी मला कोण घेणार?"

"ते मला ठाऊक नाही," हेल्मी म्हणाली. खोटा धीर द्यायचा तिचा स्वभाव नव्हता. "मला एवढंच ठाऊक आहे की माडीवरची खोली माझी आहे, संघाची नाही. तू खेळलास तरी ती तुझी आणि नाही खेळलास तरी तुझी. संघ तुझ्या जेवणाचे पैसे देणार नाही. नाही दिले तर नाही दिले, मासे कमी पडलेत का सरोवरात?"

लेनने खांदे उडवले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याला त्याचा राग आला होता, म्हणून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग तसाच वळून वेंडलच्या खोलीत गेला. हेल्मी त्याच्यामागे गेली, पण बोलला तोच. "सर, मी सही करणार नाही. मला शाळेत जायचंय."

वेंडलने आधी हसून पाहिलं, मग समजावलं, मग हेल्मीकडे वळला. बाई, पोराच्या डोक्यात हे तुम्ही भरलंत. बसमध्ये काही खोट निघाली का, तेवढं सांगा, आपण दुरुस्त करू.

हेल्मीने तपासणीचा कागद त्याच्या टेबलावर ठेवला आणि वर किल्ली ठेवली. "बस उत्तम आहे. लिहून दिलंय तसं. खोट सौद्यात आहे."

"अहो, आम्ही दरवर्षी हेच करतो. सगळेच करतात."

"तुमच्या घरी पोरं आहेत का?"

"दोन."

"त्यांचा भाव काय लावलाय?"

वेंडलचा चेहरा लाल झाला. त्याने फोन उचलला. गार्नेटचा आवाज त्या फोनमधून दारापर्यंत ऐकू येत होता, पण हेल्मी तोवर लेनची बॅग उचलून बाहेर पडली होती.

परतीच्या वाटेवर पाच वाजून गेले. लेनने घड्याळ पाहिलं आणि पुन्हा बाही खाली ओढली. तो खूश नव्हता. आपल्या हाताने आपला खेळ बंद केलेला पोरगा खूश कसा असेल? हेल्मीने त्याला बोलकं करायचा प्रयत्न केला नाही.

टॅमरॅकला पोचले तेव्हा अंधार पडला होता आणि रिंकसमोर शंभरेक माणसं जमली होती. संघाची पोरं सराव आटोपून ओल्या केसांनी उभी होती. एका मोठ्या कापडावर रंगाने स्वागताचे शब्द लिहिले होते. जुना डबा वळणावरून खडखडत आला, तसा पुढच्या रांगेत वाजणारा भोंगा थांबला. दार उघडून आधी लेन उतरला, मग हेल्मी.

गार्नेट पुढे आला. त्याला फोनवर सगळं कळलं होतं, पण जमलेल्या लोकांना काही सांगायचं त्याला धैर्य झालं नव्हतं. आता तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "विचारा हिला. तुमच्या पोरांची बस कुठे आहे ते विचारा."

"पाईन पोर्टेजला आहे," हेल्मी म्हणाली. "चांगली बस आहे. हीटर असा आहे की कोट काढावा लागतो. मी ती आणली नाही."

गर्दीतून कुरकुर उठली. कुणीतरी म्हणालं, एका पोरासाठी बावीस पोरांना गारठवायचं का? तो सकाळचा कॉफीवाला म्हाताराच होता.

हेल्मी त्याच्याकडे वळली. "बस मी मागितली, हे खरं आहे. पोरगा देऊन आणा असं मी म्हटलं नव्हतं. तुम्हाला गिरणीतून काढलं तेव्हा काय ओरडत होतात दारावर? आम्ही यंत्राचे भाग नाही, हेच ना? मी तिथेच होते, माझा तोइवो तुमच्या शेजारी उभा होता. आणि आज सकाळी तुम्ही हसत होतात. बस पाहिजे तर पैसे गोळा करा, गार्नेटने त्याचा ट्रक विकावा, मी माझी बोट विकते. दुसऱ्याचं लेकरू मोडीत घालून आपल्या लेकरांना ऊब द्यायची असेल, तर मला ड्रायव्हर म्हणू नका."

म्हातारा टोपी काढून हातात फिरवत राहिला. संघाची पोरं एकमेकांकडे बघत होती. त्यांच्यापैकी प्रत्येकाला आज पहिल्यांदा कळत होतं की आपण कशाच्या बदल्यात जाऊ शकतो.

"किल्ली," गार्नेट हात पुढे करून म्हणाला. "तुझं काम संपलं."

तिने किल्ली दिली. लेनकडे बघून गार्नेट म्हणाला की त्याचं कपाट उद्या रिकामं झालं पाहिजे. लेन म्हणाला, रिकामंच आहे. मग दोघंजण एकेका हाताने बॅग धरून घराकडे चालू लागले. त्यांच्यामागून कुणी आलं नाही. कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत, आणि हेल्मीला वाटलं, हेच ठीक, यांच्या टाळ्यांचं काय होतं ते आपण पाहिलंय.

घरी लेनने आजीला फोन लावला. तो क्री भाषेत बोलत होता, त्यामुळे हेल्मीला एवढंच समजलं की तो बराच वेळ सांगत होता. मग त्याने फोन तिच्या हातात दिला. जोसेफीन म्हणाली, "खेळ गेला त्याचा?"

"गेला. या वर्षीचा तरी."

"वाईट झालं," ती म्हणाली. "आमच्या गावात रेडिओवर त्याच्या मॅच ऐकायचे सगळे." आणि पुढे म्हणाली, "सरकारी माणसं आमची लहान पोरं विमानात भरून दूरच्या शाळांत न्यायची, तेव्हाही कुणी विचारत नव्हतं. तुम्ही विचारलंत." तिने आभार मानले नाहीत. हेल्मीला ते मानून घ्यायचेही नव्हते. एवढी साधी गोष्ट करायला तिला स्वतःला दिवसाचे सात तास लागले होते.

पुढच्या सोमवारी हॉकी मंडळाचं पत्र आलं. त्यात छापलं होतं की खेळाडू लेन बीअर्डी ठरल्या वेळी हजर न झाल्यामुळे त्याला सीझनभर बंदी आहे, आणि त्याच्या पालनकर्त्याने पत्र मिळाल्याची सही करून ते परत पाठवावं. लेन तेव्हा शाळेत होता. हेल्मीने चष्मा लावला, पत्र दोनदा वाचलं आणि सही केली. मग तिने मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: "तो रोज सकाळी पावणेनऊला शाळेत हजर असतो. येऊन बघा. आणि जे मॅनेजर माणसाच्या बदल्यात वाहन घेतात, त्यांच्यावर बंदी घालायचा तुमचा नियम कोणता, तो मला कळवा. नसेल तर का नाही, तेही कळवा. मी उत्तराची वाट बघतेय."